कौशल्याबाईंचा मिस कॉल

आमच्या गावात दुकान चालवायचं म्हणजे दोघांपासून माल सांभाळावा लागे. एक उंदीर आणि दुसऱ्या कौशल्याबाई. उंदरांना निदान औषध होतं. बाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या की साध्या माचिसचीही चौकशी सुरू व्हायची. पेटी कानाशी धरून हलवायच्या, छापलेली किंमत मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मग ठरलेला प्रश्न विचारायच्या, "याले काई झालं तं कोनाकडे याचं?"

"माचिसले काय होनार आहे, बाई?"

"नाई पेटली तं?"

सगळं गाव त्यांना गॅरंटीबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायचं आणि त्यांना ते आवडायचं. बाई आता नाहीत. पण अजूनही एखाद्या कंपनीचा माणूस नवा माल घेऊन आला की माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो आणि तो माणूस माझ्याकडे बघत राहतो.

नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. माझं किराण्याचं दुकान, त्यातच बल्ब, टॉर्चचे सेल आणि मोबाइलचा रिचार्ज. दुकानाला लागून बाईंचं घर, मध्ये एक भिंत, तीही अशी की तिकडे भाजीला फोडणी पडली की इकडे मला ठसका लागायचा. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा, प्रमोद. बाई तलावातली मासोळी आठवडी बाजारात नेऊन विकायच्या, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जायच्या. बुटक्या, काटक, आवाज मात्र पाळीवरून हाक मारली तर पलीकडच्या बैलानं मान वर करावी असा.

एकदा नागभीडच्या बाजारातून त्यांनी कुकर आणला. काही महिन्यांनी त्याची शिट्टी होईना. दुसऱ्या कोणी शिट्टी बदलून आणली असती. बाईंनी डाळ शिजायला लावलेला तो कुकर, झाकण न उघडता, तसाच फडक्यात बांधला आणि एसटीत बसल्या. दुकानदारासमोर ठेवून म्हणाल्या, "जसा बिघडला तसाच आनला. पाय आता." दुकानदार म्हणाला, शिट्टी गॅरंटीत येत नाही. "शिट्टी सोडून गॅरंटी कायची मंग, नुसत्या भांड्याची, गंजाची? तं पावतीवर गंज लिव्हाचं होतं. कुकर काऊन लिव्हला?" बाजार जमा झाला. संध्याकाळी बाई नवा कुकर घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "डाळ तिथंच सोडली. खाऊ दे बिचाऱ्याले."

मला वाटायचं, दुसऱ्यांना छळणं सोपं असतं. पण बाई स्वतःच्या मालालाही तोच कायदा लावायच्या. मासोळी विकताना सांगायच्या, "घरी नेऊन वास आला तं वापस आन." एका पठ्ठ्यानं त्यांची मजा करायची म्हणून खाऊन उरलेले काटे कागदात गुंडाळून आणले आणि वास येतो म्हणाला. बाईंनी काटे हुंगले, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि टोपलीतली एक मासोळी काढून दिली. तो ओशाळला, नको नको करू लागला. "घे," बाई म्हणाल्या, "बोलली तं बोलली. जबान एकच असते."

दिलेला शब्द आणि घेतलेला माल, दोन्हींचा जाब देणारा कोणीतरी असतोच, अशी बाईंची पक्की समजूत होती. माझं जग इतकं सरळ कधीच नव्हतं, म्हणून मी त्यांची थट्टा करायचो. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवाही वाटायचा.

प्रमोद गडचांदूरकडे ट्रक भरण्याच्या कामाला लागला तेव्हा त्यानं आईला बटनाचा फोन घेऊन दिला. बाईंना वाचता येत नव्हतं. म्हणून त्यानं दोन आकड्याचं बटन दाबून धरलं की आपल्याला लागेल अशी सोय करून ठेवली. पडद्यावर त्याचं नाव उमटायचं, त्या नावाचा आकार बाईंना ओळखू यायचा. दिवेलागणीला बाई अंगणात येऊन बटन दाबायच्या, दोन रिंग द्यायच्या आणि कट करायच्या. मग प्रमोद तिकडून लावायचा. फोनचा खर्च त्याच्या अंगावर, निरोप फुकट. आमच्याकडे सगळ्यांचंच असं. दोन रिंग म्हणजे लाव, एक रिंग म्हणजे पोचलो. बाई या बाबतीत इतक्या पक्क्या, की प्रमोदनं चुकून पहिल्या रिंगला उचलला तर त्यालाच शिव्या घालायच्या. "उचलला काऊन? माहे पैसे कटले नं!"

आणि त्याचा फोन आला की भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. काय खाल्लं, कशाचं खाल्लं, केवढ्याला आणलं. शेवटी ठरलेलं, "फसलास तं नाई नं कुठी?"

प्रमोद गेला तो असाच गावाकडे येताना. मोटारसायकलला जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. दिवसाउजेडी. डुक्कर निघून गेलं म्हणे. पोलिसांनी त्याच्या खिशातला फोन बाईंच्या हाती दिला. काच तडकलेली, पण फोन चालू.

त्या दिवसांत बाई रडल्या का, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पोलिसाला त्यांनी विचारलं, "आता याच्यासाठी कोनाकडे जाचं?" तो बिचारा कागद उलटसुलट करत राहिला. त्याला वाटलं, बाई नुकसानभरपाईचं विचारतात.

काही दिवस गेले. एका संध्याकाळी मी दुकानात अगरबत्ती लावत होतो आणि भिंतीपलीकडे प्रमोदचा फोन वाजला. सनईची धून होती त्याची. दोन रिंगा होऊन थांबली. मी दारात आलो. बाई अंगणात उभ्या होत्या, आपला फोन हातात धरून, पडद्याकडे बघत. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चूल पेटवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर रोजच. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी देवाधर्माचा फारसा नाही, भुताखेताचा तर नाहीच. पण दिवेलागण झाली की माझे कान त्या भिंतीला लागायचे. सनई वाजून थांबली की पुढच्या शांततेत मीही वाट बघायचो. कशाची, ते मनाशीही बोलायचो नाही.

त्या नंबराचा रिचार्ज माझ्याकडेच व्हायचा आणि दर वेळी भांडण.

"आताच तं टाकला होता!"

"महिना झाला, बाई."

"तारीख पाय. महिना नाई झाला."

"कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो."

"कोन्या पंचांगात?"

मी समजावून सांगायचो की फोनमध्ये दोन गोष्टी असतात, एक पैसा आणि एक मुदत. पैसा शिल्लक असला तरी मुदत संपली की फोन बंद. बाईंना हे मुळीच पटायचं नाही. गॅसची टाकी न जाळता संपत नाही, टॉर्चचे सेल न लावता संपत नाहीत, मग हे काय? एकदा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सुधाकर, त्या फोनवर बोलनारच कोनी नाई. तं पैसा सरते कसा?"

मी रिचार्ज मारला आणि गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून तेलाच्या डब्याकडे वळलो.

बाईंना संशय होता की मुदतीची ही भानगड माझ्या कमिशनसाठी आहे. संशय घेणं हा गिऱ्हाइकाचा धर्मच, मला राग नव्हता. धान निघालं की आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या वर्षी बाई पहिल्यांदाच निघाल्या. घर खायला उठतं, म्हणाल्या. जाताना प्रमोदचा फोन घरात खुंटीला टांगून चार्जरला लावून ठेवला आणि कुलूप घातलं. मला रिचार्जबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मागाहून कळलं, नागभीडला मजुरांची पिकअप थांबली तेव्हा उतरून एका दुकानातून त्यांनी त्या नंबरात पैसे टाकले, भरपूर, उन्हाळाभर पुरतील एवढे. मुदतीचा नाही, नुसता पैशाचा टॉपअप. जन्मभर प्रत्येक वस्तूची चौकशी केली आणि याच एकाची केली नाही. करायची गरजच नव्हती त्यांच्या मते. खर्च करणारा कोणी नव्हता, पैसा आत होता, फोन चालणारच.

त्या गेल्यानंतरही बंद घरात संध्याकाळी सनई वाजायची. बाई तिकडून, मिरचीच्या शेतातून, दोन रिंगा द्यायच्या. कुलूप लावलेलं घर, आत अंधार, आणि दोन रिंगा. गल्लीतल्या बायांनी त्या वेळेला तिकडून पाणी आणणं सोडलं. माझी बायको म्हणायची, दुकान लवकर बंद करत जा. मी मात्र मुद्दाम थांबायचो. वाजलं की वाटायचं, चला, बाई धडधाकट आहेत.

मग एका संध्याकाळी वाजलं नाही. त्याच सुमाराला वादळानं आमच्या गल्लीतला विजेचा खांब पडला होता. आठवड्याभरात बाईंचा मला फोन आला. "सुधाकर, घरचा फोन वाजते का?" मी म्हणालो, खांब पडला आहे, लाइन नाही, चार्जिंग उतरलं असेल. "असं होय," त्या म्हणाल्या, "इकडे लावला तं एक बाई तेलुगूत काईतरी सांगून राह्यली. मले वाटलं तिकडची लाइन खराब." दोघांनाही आपापलं उत्तर मिळालं. खांब उभा झाला तरी वाजलं नाही, तेव्हा मी समजलो, चार्जर सैल झाला असेल; मुदतीचं मनात आलंच नाही. बाई बहिणीकडे सिरोंचालाही राहून आल्या, परतल्या तेव्हा गावात रोवणीची तयारी चालू होती. कुलूप काढल्या काढल्या प्रमोदचा फोन हातात घेऊन माझ्याकडे आल्या. फोन चार्ज होता, पडदा लागत होता. नंबर गेला होता. मुदत संपली, आलेले फोन बंद झाले आणि पुढे कंपनीनं नंबरच काढून घेतला.

बाईंनी मला एका अक्षरानंही दोष दिला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला कंपनीच्या माणसाकडे गेलो. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, त्यानं बाईंना खुर्ची दिली. नंबर पाहून म्हणाला, "आजी, हा ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणावं लागेल. आधार आणि अंगठा लागतो."

"मी त्याची माय होय."

"हो, पण ग्राहक स्वतः पाहिजे."

"तो येत नाई."

"कामाला बाहेर आहेत का? आले की घेऊन या."

मी सांगायला तोंड उघडलं तर बाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता कुकर होणार, बाजार जमा होणार. बाईंनी त्या मुलाकडे पाहिलं. प्रमोदच्याच वयाचा असावा. म्हणाल्या, "पैसा आत होता, बाबू. पुरा होता. एक रुपया खर्च नाई झाला." मुलगा खाली बघून म्हणाला, "पैशाचं नाही आजी, मुदत गेली." बाई उठल्या. एसटीत खिडकीशी जाऊन बसल्या.

तरी संध्याकाळी अंगणात त्या बटन दाबायच्याच. हा नंबर अस्तित्वात नाही, असं आता मराठीत ऐकू यायचं. ते त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बाई दुकानात आल्या, चेहरा वेगळाच. "काल लागला."

मला कळेना. "काय लागला?"

"दोन रिंगा गेल्या. मी कट केला."

मला माहीत होतं काय झालं असणार. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. मी ते सांगितलं. बाईंनी ऐकलं, मान हलवली, त्यांना ते समजलंही. अठ्ठावीस दिवस होत आले तेव्हा पैसे काउंटरवर ठेवून म्हणाल्या, त्या नंबराचा रिचार्ज मार.

"बाई, तो आता परक्याचा आहे. ज्याचा आहे तो भरंल."

"अन् त्यानं नाई भरला तं?"

मी रिचार्ज मारला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारची वेळ, बाई काउंटरवर कोपरं टेकून चहापत्तीच्या पुड्यांची वजनं ताडून पाहत होत्या. त्यांचा फोन वाजला. त्यांनी कमरेचा बटवा सोडून तो काढला आणि पडद्यावर नजर पडताच तशाच थिजल्या. मग फोन माझ्यासमोर धरला.

"वाच."

"प्रमोद," मी वाचलं.

"अजून एकदा वाच."

"प्रमोद, बाई."

त्यांनी हिरवं बटन दाबलं आणि ज्या आवाजात त्या भिंतीपलीकडे बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "हं, बोल बाबू."

पलीकडे एक गृहस्थ होते. त्या फोनचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं. "कोण बोलतंय? अहो, रोज दिवेलागणीला माझ्या मुलीच्या नंबरवर दोन रिंगा देऊन ठेवून देता. तिनं मेसेज केले, उत्तर नाही. आणि आता रिचार्ज कोण मारतंय? मुलगी शिकायला एकटी राहते बाहेर, घाबरून गेलीये, म्हणून मी तिच्याकडे आलोय, तिच्याच फोनवरून बोलतोय. उद्याच हा नंबर बंद करून दुसरा घेतो तिला."

मी हात पुढे केला, मी समजावतो अशी खूण केली. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"नंबर बंद नका करू, दादा."

"मग तुम्ही कोण ते सांगा."

"मी मच्छीवाली होय. वाचता येत नाई मले. चुकीचं बटन दाबून राह्यली होती." थोडं थांबून म्हणाल्या, "चूक माही होय. पोरीले सांगा, आता नाई लागनार. पन नंबर राहू द्या."

उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून चूक माही हे शब्द ऐकले नव्हते. त्या गृहस्थांचा आवाज खाली आला, बरं बरं म्हणाले, फोन ठेवला. बाईंनी चहापत्ती न घेताच दुकान सोडलं.

त्या संध्याकाळी अंगणात कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दारात उभा राहून त्यांच्या बंद खिडकीकडे बघत बसायचो. नंबर जिवंत राहायचा तर बाईंनी तो लावायचा नाही, असा सौदा झाला होता आणि बाई तो पाळत होत्या. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येईनासा झाला. बाई खंगल्या. मला त्यांचं भांडण हवं होतं, कशावरूनही.

मिरचीचा हंगाम आला. पिकअप गल्लीच्या तोंडाशी उभी होती, बाया गाठोडी चढवत होत्या. बाई माझ्याकडे आल्या आणि फोन पुढे केला. "यातून त्याचा नंबर काहाड. माहा हात राहत नाई. तिकडे शेतात एकटी असली की दाबल्या जाईल."

मी काढायला घेतलं तशा म्हणाल्या, "नाव राहू दे. नंबर तेवढा काहाड."

"तसं होत नाई, बाई. नंबर नसला तं नाव राहत नाई यात."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. "मंग त्या नावावर माहाच नंबर टाक."

मी टाकला. प्रमोदचं नाव तसंच ठेवलं, खाली बाईंचा स्वतःचा नंबर. दोन आकड्याच्या बटनाला पुन्हा तेच नाव जोडलं. बाईंनी माझ्यासमोरच बटन दाबून धरलं, पडद्यावरचं नाव नीट पाहून घेतलं आणि फोन कानाला लावला. स्वतःचाच नंबर स्वतःच्याच फोनवरून लावला की काय ऐकू येतं, ते मला माहीत होतं.

बाई ऐकत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सुटलेली दिसली.

"बिझी आहे म्हनते," त्या म्हणाल्या. "कोनासंगतरी बोलून राह्यला."

त्याच हंगामात तिकडे तापानं बाई गेल्या, मागचं सगळं तिकडेच झालं. मी पाहिलं ते एवढंच. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, पिकअप तलावाच्या पाळीवर चढली, वळली, आणि दिसेनाशी होईपर्यंत फोन बाईंच्या कानालाच होता.